रडका अर्ज

दौंड
१३ जुलै १९७४

मामा,

वर जयभीम लिहायचा राहून गेलेला नाही. मुद्दामच लिहिलेला नाही.

काल पुण्यात, कॅम्पातल्या त्या ट्रस्टच्या बंगल्यात, टेबलापलीकडे बसलेल्या तीन मोठ्या माणसांनी माझे वडील वारल्याबद्दल माझ्यापाशी हळहळ व्यक्त केली. त्यातल्या पांढऱ्या साडीतल्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "वडिलांच्या माघारी आईनं एकटीनं तुला इथवर आणलं, तिचं कौतुक करावं तेवढं थोडं." त्या वेळी माझे वडील बाहेर व्हरांड्यात बाकावर बसले होते. मांडीवर माझी पिशवी, पिशवीत आईनं बांधून दिलेल्या भाकरी. फरशी फार स्वच्छ होती म्हणून त्यांनी चपला पायरीखालीच काढून ठेवल्या होत्या.

मामा, तुम्ही माझ्या बापाला मारलंत. आणि मला न विचारता मारलंत.

मी जूनमध्ये शिरूर-घोडनदीला तुमच्याकडे आले ती फक्त जातीच्या दाखल्यासाठी. आपलं मूळ गाव शिरूर तालुक्यात, दाखला शिरूरच्या कचेरीतूनच मिळणार. माझा अर्ज मी घरून भरून आणला होता. सोबतचा निबंध मी तीन वेळा लिहून चौथ्यांदा पक्का केला होता. विषय छापील होता: मला पुढे काय शिकायचं आहे आणि का. तुम्ही म्हणालात, "ठेव इथं, दाखला मिळाला की सगळं एकत्र रजिस्टरनं टाकतो." आणि दाखल्याच्या अर्जासाठी म्हणून दोन कोऱ्या कागदांवर तळाशी माझी सही घेतलीत. तुमच्याकडे येणारा प्रत्येक जण अशीच सही देतो. कचेरीसमोरच्या लिंबाखाली बसून तुम्ही इतकी वर्षं लोकांचे अर्ज लिहिता. सही आधी, मजकूर नंतर. मीही दिली. तुम्ही माझे मामा आहात, मी का नाही देणार?

एका कागदावर दाखल्याचा अर्ज झाला. दुसऱ्यावर काय झालं ते मला काल त्या बाईंनी वाचून दाखवलं. माझा अर्ज आणि निबंध काढून त्या जागी तुम्ही तोच लावला होता. "विनंती अर्ज ऐसाजे, सदरहू अर्जदार ही पितृछत्र हरपलेली, अनाथ, निराधार, दलित कन्या असून तिचे वडील दोन वर्षांपूर्वी अल्पशा आजाराने निवर्तले. सबब मायबाप ट्रस्टने पदर पसरणाऱ्या या लेकराकडे कृपादृष्टीने पाहावे. आपली चरणरज." अक्षर तुमचं. किती सुंदर अक्षर आहे तुमचं, मामा! त्याच अक्षरानं तुम्ही मला पहिली बाराखडी गिरवायला दिली होती. काल त्या अक्षराकडे बघवेना.

बाईंनी विचारलं, "किती वर्षांची होतीस तेव्हा?"

मी म्हणाले, "माझे वडील बाहेर बसले आहेत."

मग बाई उठून स्वतः दारापर्यंत गेल्या. आप्पा दचकून उभे राहिले. बाईंनी विचारलं, "तुम्ही हिचे वडील का?" आप्पा म्हणाले, "व्हय जी." बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग आत आल्या. परत येताना गाडीत आप्पा मला काय म्हणाले सांगू? केडगाव गेल्यावर म्हणाले, "बाई लई चांगली हाय गं. माझ्याकडं अशी बघत व्हती, जशी लई दिसांनी वळखीची भेटली." मी खिडकीबाहेर तोंड केलं. पाटसपर्यंत मी आत बघितलं नाही.

या शिष्यवृत्तीसाठी बाप मेलेला असावा लागत नाही हो मामा! मेहमूद सरांनी वर्गात पेपरातली जाहिरात वाचून दाखवली, तेव्हा सगळ्यात आधी हेच सांगितलं होतं. ते म्हणाले, "पोरांनो, ही गरिबांना मदत नाही, हे हुशारीचं बक्षीस आहे. तुम्हाला काय येतं आणि काय करायचंय, एवढंच ते विचारतात." मी हे तुम्हाला लिंबाखाली उभं राहून सांगितलं होतं. तुम्ही हसलात. "तुझ्या मास्तरला काय ठावं? आगं, अर्ज रडला न्हाई तर सायबाचा हात पेनाकडं जात न्हाई." वर म्हणालात, "आन् आपल्या लोकांची स्कॉलरशिप सरकार देतंय की. ही त्यांची. त्यात आपल्याला घुसायचं तर लई खाली वाकून घुसावं लागतंय."

त्यांची म्हणजे कुणाची, मामा? जाहिरातीत कुणाचं नाव होतं? सरकारची सवलत मिळते म्हणून हे मागता येत नाही, असं त्यात कुठं लिहिलं होतं? मेहमूद सरांनी ट्रस्टला पत्र टाकून विचारलंसुद्धा होतं. उत्तर आलं, दोन्ही घेता येतात. सरकारकडून फी माफ होते, पण राहायचे-जेवायचे पैसे यायला परीक्षा उजाडते. तोवर हॉस्टेलवर मी काय खाऊ? आप्पा नोकरीवर असते तर पासवर दौंडहून रोज ये-जा केली असती. मे महिन्यातल्या रेल्वेच्या संपानंतर त्यांना अजून कामावर घेतलेलं नाही, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणजे ही शिष्यवृत्ती मिळाली तर पुण्याचं कॉलेज, नाही तर नाही. एवढं सोपं आहे ते, आणि तुम्ही ते घालवलंत.

जाहिरातीत लिहिलं होतं, खोटी माहिती आढळल्यास अर्ज बाद. त्या तिघांतले वकीलसाहेब तेच म्हणाले. पण त्यांच्यातल्या प्रोफेसरांनी विचारलं, "तू लिहिलेला निबंध कशावर होता?" मी सांगितलं. आप्पा लोको शेडमध्ये इंजिनाचा बॉयलर धुवायचे तेव्हा आतून पांढऱ्या खपल्या निघायच्या. लहानपणी ते एक खपली डब्यातून माझ्यासाठी घेऊन आले होते, खडू म्हणून. ती पाटीवर उमटली नाही. पाण्यातलं नेमकं काय तापल्यावर लोखंडाला असं चिकटतं, आणि ते चिकटू नये म्हणून काय करावं, हे मला शिकायचं आहे, असं मी लिहिलं होतं. प्रोफेसरांनी खूप प्रश्न विचारले. उकळलेल्या पाण्यात साबणाला जास्त फेस येतो का, विहिरीच्या पाण्याला का येत नाही. मला येत होतं ते सांगितलं, येत नव्हतं ते येत नाही म्हटलं.

म्हणजे बघा, मामा. माझा सगळा निबंध आप्पांच्या हातावर उभा होता, आणि तुम्ही आप्पांनाच काढून टाकलंत.

शेवटी बाई म्हणाल्या, "आमच्याकडे दरवर्षी निम्म्या मुलांचे वडील वारलेले असतात. पुढे तेच वडील ट्रंक डोक्यावर घेऊन मुलांना हॉस्टेलवर सोडायला येतात." हे त्या हसून म्हणाल्या नाहीत. मग त्यांनी ठरवलं ते असं: ज्यानं हा कागद लिहिला त्यानं स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या सहीनिशी, महिनाअखेरपर्यंत खरं काय ते लिहून द्यावं. तसं आलं तर माझा विचार होईल. नाही आलं तर अर्ज बाद.

तेव्हा लिहून पाठवा. तुम्ही लोकांसाठी हजारो अर्ज लिहिलेत, हा एक स्वतःचा लिहा.

आई-आप्पांना यातलं काही सांगितलेलं नाही. तुमचं उत्तर पाकिटात घाला.

चांगुणा


दौंड
१९ जुलै १९७४

मामा,

पोस्टकार्ड! मी पाकीट म्हटलं आणि तुम्ही पोस्टकार्ड पाठवलंत!

पोस्टमन आला तेव्हा मी नळावर होते. आप्पा दारात बसले होते. कार्ड तुमचं, अक्षर ओळखीचं, आप्पांना वाटलं खुशाली असेल. ते एकेक अक्षर लावून मोठ्यानं वाचतात, तुम्हाला माहीत आहे. आई चुलीपाशी ऐकत होती. "साहेबरावांना मयत दाखविले हे खरे, परंतु ते तुझ्या भल्याकरिता." एवढं वाचून आप्पा थांबले. त्यांनी ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून लावलं.

मी हंडा घेऊन आले तेव्हा त्यांनी मला विचारलं, "चांगुणे, म्हंजी मी कवा मेलो?"

मग मला सगळं सांगावं लागलं. दोन वर्षांपूर्वी, अल्पशा आजाराने. आप्पा हसले. "अल्पशा व्हय? बबनरावांनी मला धड आजारबी दिला न्हाई." मी त्या हसण्यावर विश्वास ठेवला नाही.

आई मात्र हसली नाही. तुमची धाकटी बहीण आहे ती. तिनं पोळपाट बाजूला सारला आणि म्हणाली, "माझ्या पाठीवर हात ठिवून ज्यानं मला नांदायला धाडलं, त्यानंच माझं कुंकू कागदावर पुसलं. त्याला लिव, तुझी भैन सोजर पंचमीला येत न्हाई. रांडाव बाई कशाला येईल माहेरी?" मी लिहिलं. शब्द तिचे आहेत, एकही कमीजास्त केलेला नाही.

आता तुमच्या कार्डावरच्या शहाणपणाकडे येते.

तुम्ही लिहिता, शिष्यवृत्ती पहिल्या आलेल्यालाच मिळते, मी शाळेत चौथी, म्हणून जोर लावणं भाग होतं. आमच्याकडे पहिला आलेला मुलगा स्टेशनातल्या मोठ्या साहेबांचा. त्यानं अर्जच केलेला नाही. पहिला आलो म्हणजे ट्रस्टवाले घर शोधत येतील असं त्याच्या वडिलांनी गल्लीत सांगून ठेवलं आहे. बसलेत वाट बघत. विशिष्ट गुणांच्या वरच्या सगळ्यांना अर्ज करता येत होता. चौथीलाही आणि चाळिसावीलाही.

तुम्ही लिहिता, ट्रस्ट गिरणीवाल्याचा, तो संपवाल्याच्या पोरीला दारात उभं करणार नाही. संपवाला बाप असण्यापेक्षा नसलेला बरा. मामा, हे लिहिताना तुमचा हात थांबला नाही का? आप्पांनी संप केला, चोरी नाही केली. माझ्या मूळ अर्जात मी स्वच्छ लिहिलं होतं, लोको शेडमध्ये खलाशी, बॉयलर धुण्याचं काम, संपापासून कामावर घेतलेले नाहीत. मुलाखतीत वकिलांनी विचारलं, "वडील संपात होते?" मी हो म्हटलं. ते बरं म्हणाले आणि पुढचा प्रश्न विचारला. एवढंच झालं. ज्या भीतीपायी तुम्ही एक माणूस मारलात, ती भीती एका 'बरं'मध्ये संपली.

तुम्ही लिहिता, पुढारी पोपटभाऊंची चिठ्ठी आणतो, त्यांचा मुंबईत शब्द चालतो. आणू नका. शिफारस आणणाऱ्याचा अर्ज बाद होतो, तेही जाहिरातीत होतं. तुम्ही जाहिरात वाचली तरी होतीत का? का ऐन कामाचा कागद सोडून बाकी सगळं तुम्हाला आधीच ठाऊक होतं?

आणि शेवटी, अगदी खाली, जागा संपत आली म्हणून बारीक अक्षरात: "मी खोटे लिहिले असे माझ्या सहीने दिल्यास लिंबाखाली माझ्याकडे कोण येईल?"

हे खरं कारण आहे. हे वर लिहायला हवं होतं.

चौदा एप्रिलला घोडनदीच्या चौकात तुम्ही उभे राहता. मी लहानपणापासून ऐकते आहे. तुमचा आवाज खणखणीत, पुढं सगळी वस्ती. "मागू नका, वाकू नका, आपलं आहे ते ताठ मानेनं घ्या." मी ते खरं मानलं. त्याच भाषणावर मी वाढले आणि अर्जात एकदाही गरीब हा शब्द लिहिला नाही. आणि पंधरा एप्रिलला तुम्ही लिंबाखाली सतरंजी टाकून बसता, आणि माणसामागून माणूस चरणरज करत सुटता. मामा, दोन्ही तोंडं तुमचीच ना? मग मी कुठल्या तोंडाचं ऐकायचं होतं?

मला तुमचं कार्ड नको, चिठ्ठी नको, भलं नको. चार ओळी हव्या आहेत. खाली सही.

चांगुणा


दौंड
२४ जुलै १९७४

मामा,

आप्पा सकाळपासून घरात नाहीत.

हे पत्र घाईत लिहिते आहे. न्हावऱ्यावरून घोडनदीला येणाऱ्या एस.टी.चे कंडक्टर भिमाजी आपल्या वस्तीतले आहेत, त्यांच्या हाती देणार आहे. आप्पा तुमच्याकडे आले असतील तर त्याच माणसाच्या हाती उलट निरोप पाठवा. आले नसतील तरीही पाठवा.

तुमचं कार्ड आल्यापासून आप्पा कमी बोलतात. परवा जेवताना मला म्हणाले, "मी नसतो तर पोरीचं काम झालं आसतं व्हय गं?" आईनं ताट आपटलं, मी खूप रागावले, रडले. ते म्हणाले, "आगं, हिशेब इचारतुया नुसता." आज उजाडताना उठले, धुतलेला सदरा घातला, आणि कुणाला न सांगता गेले. धुतलेला सदरा का घातला? आई शेडकडे बघायला गेली आहे. मी रुळाच्या कडेकडेनं आऊटर सिग्नलपर्यंत जाऊन आले. काय बघायला गेले होते ते मी इथं लिहिणार नाही.

त्यांना काही झालं तर तुमचा अर्ज खरा ठरेल, मामा. मग द्या पाठवून, दुरुस्तीची गरज उरणार नाही.

तुमच्या अर्जातली माणसं रडतात, मरतात, पदर पसरतात, आणि काम झालं की उठून घरी जातात असं तुम्हाला वाटत असेल. कागदावर लिहिलेलं माणसाला लागतं. आप्पांना लागलं आहे. मला त्यांच्या पाठीवरून कळतं.

गाडी लागली. निरोप पाठवा.

चांगुणा


दौंड
२५ जुलै १९७४

मामा,

काल संध्याकाळच्या गाडीनं आप्पा आले. भिमाजींबरोबरच आले. तुमच्यासाठी दिलेली माझी चिठ्ठी त्यांनी घोडनदीच्या स्टँडवरच भिमाजींच्या हातून घेऊन वाचली होती. आल्या आल्या मला म्हणाले, "रुळाकडं कशापायी गेलीस, येडे?" आणि आईकडं पाणी मागितलं. आईनं पाणी दिलं आणि पुढचा तासभर त्यांना शिव्या दिल्या. मी इतकी रागावले होते की मला आधी जेवताच आलं नाही.

झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. तरी आप्पांनी सांगितलं तसं मी लिहिते, कारण पुढच्या वर्षी तुम्ही हीच गोष्ट वेगळी करून सांगाल, मला खात्री आहे.

आप्पा तुमच्या घरी आले नाहीत, थेट कचेरीसमोर आले. मामीनं चहाला बोलवायला मुलगी धाडली तर म्हणाले, मी पाव्हणा म्हणून आलेलो न्हाई. लिंबाखाली तुमच्यापुढे लोक बसले होते, त्यांच्या मागं ते बसले. तुम्ही दोनदा म्हणालात, "दाजी, तुम्ही असं रांगंत? वर या." ते वर आले नाहीत. त्यांची पाळी आल्यावर सतरंजीवर समोर बसले आणि म्हणाले, "अर्ज लिवायचाय."

"कसला?"

"मी जित्ता हाय म्हून."

लोक हसले. तुम्हीही हसलात असं आप्पा म्हणतात. मग तुम्ही हसायचे थांबलात. पेन उचललंत. सवयीनं हात चालला: विनंती अर्ज ऐसाजे, सदरहू गरीब अर्जदार. आप्पा वाकून एकेक अक्षर लावत होते. त्यांनी तुमच्या मनगटावर हात ठेवला.

"गरीब खोडा, बबनराव. गरीब नगं. जित्ता लिवा."

तुम्ही म्हणालात, "दाजी, तसं बिनगरिबाचं कोण वाचत न्हाई हो. तीस वरसं हेच करतुया. मला दुसरं येत न्हाई."

हे तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात. आप्पांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांना तुमची कीव आली होती, स्पष्ट दिसत होतं. मला आलेली नाही. आली असती तरी मी ती आज लिहिली नसती.

आप्पा म्हणाले, "मग मी सांगतू, तुम्ही उतरून घ्या." आणि आप्पांनी सांगितलं तसं तुम्ही लिहिलंत. कागद आता माझ्यासमोर आहे. "मी, साहेबराव, राहणार दौंड, जिवंत आहे. माझी मुलगी चांगुणा हिच्या अर्जात मी मेलो असे लिहिले आहे ते खोटे आहे. ते मुलीने लिहिले नाही. तिला विचारले नाही." त्याखाली आप्पांची सही. त्याखाली जागा. तुम्ही पेन झाकायला लागलात. आप्पा उठले नाहीत. मागं बसलेली कुशाबाई, जमिनीवर नाव लावायला आलेली म्हातारी, म्हणाली, "आवरा की बाबा. आन् मलाबी आसंच लिवून द्या, मीबी जित्तीच हाय, पर तलाठ्याला दिसत न्हाई." आणखी हसू झालं. तरी आप्पा उठले नाहीत.

मग तुम्ही खाली लिहिलंत: "सदर खोटा मजकूर मी स्वतः लिहिला. लिहिणार, बबनराव." तुमचा एरवीचा शिक्का मारलात, परवान्याच्या नंबरासकट.

अक्षर चांगलं आलं आहे.

लिहिण्याचे किती द्यायचे, असं आप्पांनी विचारलं, आणि तुम्ही तोंड फिरवलंत. बरं केलंत.

उद्या पहिल्या गाडीनं आप्पा आणि मी हा कागद हातोहात द्यायला पुण्याला जातो आहोत. पोस्टावर माझा भरवसा नाही. रजिस्टरवरही नाही, आणि त्याचं कारण तुम्ही आहात.

चांगुणा


दौंड
२२ ऑगस्ट १९७४

मामांना साहेबरावांचा जयभीम. हा आप्पांनी लिहायला लावला आहे. माझा अजून नाही.

शिष्यवृत्ती मिळाली. पत्र सोमवारी आलं. राहणं, जेवण, पुस्तकं, पदवी होईपर्यंत, दरवर्षी पास झाले तर. कॉलेज सुरू होऊन गेलं आहे, पण प्रिन्सिपॉलांनी जागा ठेवली होती, मेहमूद सरांनी त्यांना दोन पत्रं टाकली होती. रविवारी मी जाते.

मी हे मेहमूद सरांच्या हाती मामीला कळवलं, आणि तुमचं उत्तर आलं. पाकिटात आलं, हे मात्र सुधारलं. मी वाटेत उघडलं आणि तिथंच उभी राहिले. "बघ पोरी, शेवटी माझ्या अर्जानेच दार उघडले. तो वाचूनच तुला बोलावणे आले. पुढचे तू आपल्या हुशारीने निभावलेस."

मामा! मामा, मी आता काय करू तुमचं?

नीट वाचा. हवं तर मोठ्यानं वाचा, कुशाबाईंनाही ऐकवा. आप्पांबरोबर मी कागद द्यायला गेले तेव्हा ट्रस्टच्या कारकुनांना विचारलं होतं. बोलावणं फक्त गुणांवर गेलं. ज्यांचे गुण वर, त्या सगळ्यांना. अर्ज-निबंधांचे गठ्ठे मुलाखतीच्या दिवशी सकाळी सोडले. तुमचं पितृछत्र, तुमचं निराधार, तुमची कृपादृष्टी, त्या सकाळपर्यंत कुणी वाचलंच नव्हतं. तुमच्या अर्जानं दार उघडलं नाही. उघडं होतं ते लोटलं. एवढं तुमच्या डोक्यात का शिरत नाही? इतकी वर्षं आपल्याला वाकल्यावर मिळालं म्हणून वाकल्यामुळंच मिळालं असं तुम्ही धरून बसलात, आणि आता न वाकता मिळालं तरी तुम्ही म्हणता, मी वाकलो होतो ना तुझ्या वतीनं!

मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो. आप्पांना मारल्यापेक्षाही. आप्पा तुम्हाला माफ करून मोकळे झाले, आई दिवाळीपर्यंत करील, तिला तुमच्याशिवाय भाऊ नाही. माझं म्हणाल तर मला वेळ लागेल. पुढच्या वर्षी शिरूरची एखादी मुलगी अकरावी पास होऊन तुमच्या लिंबाखाली येईल. तिचे गुण चांगले असतील, बाप धडधाकट असेल. तिला जाहिरात वाचून दाखवा, दाखला काढून द्या, आणि पेन झाकून ठेवा. तिचं तिला लिहू द्या. आणि कोऱ्या कागदावर तिची सही घेऊ नका. नाही जमलं तर तिला माझ्याकडे पुण्याला धाडा. पत्ता मागाहून कळवते.

आप्पांना कामावर अजून बोलावणं नाही. भांडगावच्या पुढं रस्त्याच्या कामावर जातात. संध्याकाळी येतात तेव्हा डांबराचा वास येतो, पूर्वी कोळशाचा यायचा. कपाटातली ती खपली मी पुण्याला नेणार आहे. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "खडू म्हून आणली व्हती, आन् कुठं पोचली बघ."

ट्रस्टच्या पत्रासोबत मान्यतेचा एक कागद आहे, पालकानं सही करून परत पाठवायचा. काल आप्पांनी तो घेतला, हात धुऊन आले, पुसले, दिवा जवळ ओढला. सही केली. मला वाटलं झालं, मी हात पुढं केला. त्यांनी थांब म्हटलं. मग सहीखाली, मोकळ्या जागेत, कुणी विचारलेलं नसताना, सावकाश तीन अक्षरं लिहिली, आणि शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घालत बसले.

हयात.

मी ते खोडलं नाही. तसंच पाठवते आहे.

चांगुणा साहेबराव